सामान्य विज्ञानाचे विधानरूपी प्रश्न: पाठांतर असूनही उत्तर का चुकते?

जांबोटीची परीक्षार्थी (खानापूर तालुका)

सर्वांना नमस्कार. माझे एसएसएलसीपर्यंतचे (दहावीपर्यंतचे) शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि पीयूसीला (अकरावी-बारावीला) विज्ञान इंग्रजीतून शिकले. राज्य लोकसेवा आयोगाच्या प्रश्नपत्रिका कन्नड व इंग्रजीत असतात. त्यामुळे सध्या मी रेल्वेच्या लेव्हल-१ भरतीची, म्हणजे जिला आपल्याकडे अजूनही सगळे ‘ग्रुप डी’ म्हणतात त्या परीक्षेची तयारी करीत आहे, कारण ती मराठीतून देता येते. ९० मिनिटांत १०० प्रश्न, त्यांपैकी २५ सामान्य विज्ञानाचे आणि २० सामान्य ज्ञान व चालू घडामोडींचे, असे तिचे स्वरूप आहे. गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी यांची मला चिंता नाही. अडचण विज्ञानाची आहे.

एका ओळीची प्रश्नोत्तरे माझी पाठ आहेत, परंतु तोच मुद्दा दोन विधाने देऊन विचारला की हात थांबतो. उदाहरणार्थ, उंच ठिकाणी पाणी कमी तापमानाला उकळते हे मला माहीत आहे. तरीही ‘म्हणून उंच ठिकाणी अन्न लवकर शिजते’ असे दुसरे विधान समोर आले की ते बरोबर मानावे की चूक, याचा निर्णय होत नाही. अंतर्वक्र आणि बहिर्वक्र आरशांच्या उपयोगांची अशीच सरमिसळ होते. शिवाय विषाणूचा शोध कोणी लावला या प्रश्नाला एका मार्गदर्शकात इव्हानोव्स्की हे उत्तर आहे, तर दुसऱ्यात स्टॅन्ली. यांपैकी कोणते ग्राह्य धरावे? आणि चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा होत असताना, खात्री नसलेला प्रश्न सोडून द्यावा की उत्तर नोंदवावे? आपल्या भागातील ज्यांनी ही परीक्षा दिली आहे किंवा जे विज्ञान शिकवतात त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निपाणीचे निवृत्त विज्ञान शिक्षक

आपण विचारलेला पहिला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण उत्कलनबिंदूचे प्रकरण एकदा नीट समजले की वरवर निरनिराळे दिसणारे अनेक प्रश्न एकाच कारणाने सुटतात. शाळेत हे प्रकरण ज्या घाईने संपवले जाते त्याचे मला नेहमीच वाईट वाटत आले आहे.

द्रवाचा बाष्पदाब, म्हणजे त्याच्या वाफेचा दाब, जेव्हा बाहेरच्या हवेच्या दाबाइतका होतो तेव्हा तो उकळतो. समुद्रसपाटीला शुद्ध पाण्याच्या बाबतीत हे १०० अंश सेल्सिअसला घडते. आपण जसजसे वर जातो तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि साधारण ३०० मीटर उंचीमागे उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे शहरातील स्वयंपाकघरात उघड्या पातेल्यातले पाणी ९७.५ अंशांच्या आसपास उकळते. आता दुसरे विधान तपासा. अन्न शिजते ते पाण्याला बुडबुडे आले म्हणून नव्हे, ते शिजते तापमानामुळे. पाणी एकदा उकळू लागले की खालचा जाळ कितीही वाढवला तरी त्याचे तापमान वाढत नाही, कारण पुढची सारी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. १ किलोग्रॅम पाण्यासाठी ती सुमारे २२६० किलोज्यूल लागते. त्यामुळे उकळण्याचे तापमान जितके खाली, तितके अन्न शिजायला जास्त वेळ. पहिले विधान बरोबर, दुसरे चूक. प्रेशर कुकरमध्ये नेमके याच्या उलट होते: वाफ कोंडल्यामुळे दाब वाढतो, पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते आणि डाळ लवकर शिजते.

उत्कलनबिंदूवर दाबाप्रमाणेच विरघळलेल्या पदार्थाचाही परिणाम होतो, आणि तो पाहायचा असेल तर हंगामात आपल्या उसाच्या पट्ट्यातील एखाद्या गुऱ्हाळावर जाऊन उभे राहावे. काहिलीत रस तापू लागला की त्यात भेंडीचा चिकट रस आणि चुन्याची निवळी घालतात. भेंडीच्या चिकटपणात गढूळ कण अडकून मळी वर येते, आणि चुन्याच्या अल्कधर्मी निवळीमुळे रसातील आम्लता कमी होते. ही उदासिनीकरणाची अभिक्रिया आहे. आम्लता तशीच राहिली तर तापवताना साखरेचे, म्हणजे सुक्रोजचे, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे विघटन होते आणि गूळ नीट धरत नाही. मळी काढल्यावर रस आटत जातो, त्यातील साखरेचे प्रमाण वाढत जाते आणि त्याबरोबर उकळण्याचे तापमानही चढत जाते. गुळव्या थेंबभर पाक गार पाण्यात टाकून त्याची गोळी होते का ते पाहतो, त्या वेळी काहिलीतले तापमान ११५ ते १२० अंशांच्या दरम्यान असते. ज्या उंचीवर शुद्ध पाणी १०० अंशांच्या आतच उकळते, त्याच ठिकाणी हा पाक त्याच्या कितीतरी वर जातो. यातून ‘द्रवात अबाष्पनशील पदार्थ विरघळवल्यास उत्कलनबिंदू वाढतो व गोठणबिंदू घटतो’ हे विधान पक्के लक्षात राहील. कुल्फीच्या साच्याभोवतीच्या बर्फात मीठ का घालतात, याचे उत्तर त्याच विधानाच्या उत्तरार्धात आहे.

आरशांसाठी स्वयंपाकघरातला स्टीलचा डाव पुरेसा आहे. तो चांगला घासून डोळ्यांसमोर हातभर अंतरावर धरावा. खोलगट बाजूत, म्हणजे अंतर्वक्र पृष्ठभागात, चेहरा उलटा दिसतो. डाव फिरवून फुगीर, म्हणजे बहिर्वक्र, बाजू समोर आणली की चेहरा सुलट पण लहान दिसतो आणि मागची खिडकी, दार, भिंतीवरचे फडताळ असे बरेच काही त्यात मावते. बहिर्वक्र आरशातील प्रतिमा नेहमी आभासी, सुलट आणि लहान असते व त्याचे दृष्टिक्षेत्र मोठे असते. म्हणूनच तो वाहनाच्या बाजूला आणि घाटातील आंधळ्या वळणावर बसवतात. अंतर्वक्र आरसा प्रकाशकिरण एकत्र आणतो आणि वस्तू अगदी जवळ, नाभी (समांतर किरण जिथे एकत्र येतात तो बिंदू) व ध्रुव (आरशाचा मध्यबिंदू) यांच्या दरम्यान असल्यास तिची मोठी प्रतिमा दाखवतो. सौरचूल, दंतवैद्याचा आरसा आणि दाढीचा आरसा ही त्याची उदाहरणे याच दोन गुणांमुळे आहेत. गाडीच्या दिव्यात मात्र तोच आरसा उलट वापरला जातो: दिवा नाभीपाशी ठेवला की परावर्तित किरण समांतर होऊन दूरवर जातात. हे कारण समजल्यावर उपयोगांची यादी पाठ करण्याची गरज उरणार नाही.

विषाणूच्या प्रश्नाचा संबंध आमच्या निपाणीच्या मुख्य पिकाशीच आहे. तंबाखूच्या पानांवर हिरवे-पिवळे चट्टे पाडणारा केवडा नावाचा रोग असतो. १८९२ मध्ये दिमित्री इव्हानोव्स्की यांनी रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळला आणि गाळलेला रसही निरोगी रोपांना रोग देतो असे दाखवले. याचा अर्थ रोगकारक घटक जिवाणूपेक्षा लहान होता. १८९८ मध्ये मार्टिनस बायेरिंक यांनी तो जिवाणूपेक्षा वेगळ्याच प्रकारचा घटक असल्याचे सांगून त्याला ‘व्हायरस’ म्हटले. १९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्ली यांनी त्याच विषाणूचे स्फटिक मिळवले आणि त्यांना १९४६ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. प्रश्नात ‘शोध’ असेल तर इव्हानोव्स्की आणि ‘स्फटिकरूपात मिळवला’ असेल तर स्टॅन्ली. तुमच्या दुसऱ्या मार्गदर्शकाने बहुधा दोन वेगळे प्रश्न एकत्र केले आहेत. एक जोड आणखी लक्षात ठेवा: तंबाखूच्या रोपात निकोटिन तयार होते मुळांमध्ये, पण साठते पानांमध्ये. ‘तयार होते’ आणि ‘साठते’ हे शब्द वाचल्याशिवाय पर्यायाला हात लावू नये.

लोंढा जंक्शन

मी रेल्वेत रुळांच्या देखभालीचे काम करतो आणि याच परीक्षेतून लागलो आहे. सरांचे सर्व म्हणणे मला मान्य आहे. तथापि काही भाग पाठच करावा लागतो, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. चिंचेत टार्टारिक आम्ल, मुंगीच्या दंशात फॉर्मिक आम्ल, दह्यात लॅक्टिक आम्ल. ब-१ जीवनसत्त्वाचे नाव थायमिन आणि त्याच्या अभावी बेरीबेरी, क म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल आणि अभावी स्कर्व्ही. दाबाचे एकक पास्कल, शक्तीचे वॅट. यांत कारण शोधत बसण्यात वेळ घालवू नये. रोज झोपण्यापूर्वी थोडे वाचावे आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता लिहून पाहावे, एवढे पुरते.

वजा गुणांबद्दल भीतीपेक्षा हिशेब करावा. चार पर्यायांत डोळे मिटून उत्तर दिले तर बरोबर येण्याची शक्यता एक चतुर्थांश, चुकण्याची तीन चतुर्थांश, आणि प्रत्येक चुकीला एक तृतीयांश गुण जातो. म्हणजे सरासरीने मिळकत शून्य. असे प्रश्न सोडून द्यावेत, कारण त्यांत केवळ वेळ जातो. परंतु एक पर्याय खात्रीने बाद करता आला की सरासरी एक नवमांश गुणाचा फायदा होतो, आणि दोन बाद झाले तर एक तृतीयांश. म्हणून ‘उत्तर येते का’ याऐवजी ‘यांतले कोणते नक्की नाही’ हे आधी स्वतःला विचारावे. सरांनी सांगितलेल्या कारणांचा खरा उपयोग इथेच होतो, कारण कारण माहीत असलेल्याला चुकीचा पर्याय ताबडतोब खटकतो.

माझ्या रोजच्या कामातील एक उदाहरण देतो, कारण त्यावर प्रश्न हमखास येतो. रुळांच्या सांध्यात फट का ठेवतात, याचे उत्तर उष्णतेने होणारे प्रसरण, हे सर्वांना माहीत असते. पण किती, हे विचारले तर? पोलादाची लांबी दर अंशाला मूळ लांबीच्या सुमारे ०.००००१२ पट वाढते. १३ मीटरचा रूळ पहाटेपेक्षा दुपारी ४० अंशांनी जास्त तापला, तर ही वाढ साधारण ६ मिलिमीटर येते. आताच्या सलग जोडलेल्या लांब रुळांत मधे फटी नसतात. स्लीपर, पकडी आणि खडी मिळून रूळ जागच्या जागी दाबून धरतात आणि टोकांना प्रसरणासाठी खास सांधे असतात. प्रश्न मात्र अजूनही फटीवरच येतो. तसेच रुळावर दूर कुठे हातोडा पडला तर आवाज दोनदा पोहोचतो: पोलादातून ध्वनी सेकंदाला ५००० मीटरहून अधिक वेगाने जातो आणि हवेतून सुमारे ३४० मीटरने, त्यामुळे १ किलोमीटरवरचा ठोका रुळातून ०.२ सेकंदात आणि हवेतून जवळजवळ ३ सेकंदांनी येतो. (रुळाला कान लावून हे पाहण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.) ध्वनीचा वेग स्थायूत सर्वांत जास्त, वायूत सर्वांत कमी, आणि निर्वातात ध्वनी जातच नाही.

मराठीतून परीक्षा देणाऱ्यांनी एक काळजी अवश्य घ्यावी. भाषांतरात शंका निर्माण झाल्यास इंग्रजी प्रश्न अंतिम मानला जातो, म्हणून प्रत्येक पारिभाषिक शब्दाचे इंग्रजी रूप वहीत शेजारीच लिहून ठेवावे. तुम्ही पीयूसी इंग्रजीतून केले असल्याने तुम्हाला हे सोपे जाईल.

अथणीची अभ्यासिका

मीही हीच परीक्षा देणार आहे. विज्ञानात उत्कलनाच्या बरोबरीने बाष्पीभवन विचारतात, आणि त्याचा फरक आपल्या जिल्ह्याच्या दोन टोकांना स्पष्ट दिसतो. खानापूरची माती कुंभारकामासाठी प्रसिद्ध आहे; तिथला माठ एप्रिलमध्ये अथणीला आणला तर त्यातले पाणी उत्तम गार होते, आणि तोच माठ जुलैत जांबोटीला ठेवला तर फारसा फरक जाणवत नाही. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरलेले पाणी वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेते, परंतु हवा आधीच दमट असेल तर बाष्पीभवन मंदावते. बाष्पीभवन कोणत्याही तापमानाला आणि फक्त पृष्ठभागावर होते. उत्कलन ठरावीक तापमानाला आणि संपूर्ण द्रवात होते. तापमान, वारा आणि पृष्ठभागाचे क्षेत्रफळ वाढले की बाष्पीभवन वाढते, आर्द्रता वाढली की घटते. चार पर्यायांत चौथा वेगळा काढायला सांगितला की उत्तर आर्द्रता.

सामान्य ज्ञानात आपल्या जिल्ह्याशी निगडित प्रश्न सोडू नयेत, कारण ते राष्ट्रीय परीक्षांतही येतात. १९२४ चे बेळगावचे काँग्रेस अधिवेशन हे महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषवलेले एकमेव अधिवेशन. टिळकांनी होमरूल लीगची स्थापना एप्रिल १९१६ मध्ये बेळगावातच केली. ॲनी बेझंट यांची लीग त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मद्रासला स्थापन झाली, आणि पर्यायांत ही दोन ठिकाणे मुद्दाम अदलाबदल करून देतात. संगोळ्ळी रायण्णा यांना १८३१ मध्ये फाशी दिली गेली ते नंदगड खानापूर तालुक्यातलेच. चालू घडामोडींत मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली यांच्यासह अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. कन्नडला तो २००८ पासून आहे. राज्यघटनेतील ३५०-अ हे कलम, ज्यात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची तरतूद आहे, ते १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आले. मराठी शाळेत शिकलेल्या आपल्यासारख्यांना तरी हे कलम चुकता कामा नये.

सरावासाठी एक प्रश्न देते. मलप्रभा, घटप्रभा, दूधगंगा आणि म्हादई यांपैकी कृष्णेची उपनदी नसलेली नदी कोणती, आणि का?

जांबोटीची परीक्षार्थी (खानापूर तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर म्हादई. ती आमच्या तालुक्यातील भीमगडच्या परिसरात उगम पावते, पश्चिमेला वाहत गोव्यात मांडवी होते आणि पणजीपाशी अरबी समुद्राला मिळते. मलप्रभाही आमच्याच तालुक्यात, कणकुंबीला उगम पावते, परंतु पूर्वेकडे वाहत जाऊन कुडलसंगम येथे कृष्णेला मिळते, म्हणजे तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागराला जाते. घटप्रभा आणि दूधगंगा सह्याद्रीतून पूर्वेला येऊन कृष्णेलाच मिळतात. एकाच तालुक्यात पडणाऱ्या पावसाची दोन समुद्रांत वाटणी होते ती मधल्या डोंगरधारेमुळे, आणि तिलाच जलविभाजक म्हणतात, असे मी समजते.

याच भागाविषयी एक शंका आहे. आमच्याकडे तांबडा जांभा दगड आणि तांबडी माती आहे, तर सौंदत्ती-रामदुर्गकडे काळी जमीन. दोन्हीकडचा मूळ खडक वेगळा म्हणून असे, की पावसामुळे? आणि जांभ्याबरोबर बॉक्साइटचे नाव नेहमी का येते?

निपाणीचे निवृत्त विज्ञान शिक्षक

जलविभाजकाचे उत्तर अचूक आहे. त्याला जोडून एवढेच लक्षात ठेवा की पश्चिमेला उतरणाऱ्या नद्यांचा प्रवाह छोटा आणि तीव्र उताराचा असल्याने त्या मुखाशी त्रिभुज प्रदेश न बनवता खाडी बनवतात.

मातीच्या बाबतीत खडकाचाही वाटा आहे, पण जांभा होण्यात निर्णायक भाग हवामानाचा आहे. भरपूर पाऊस आणि त्यानंतर कोरडा उष्ण काळ असे चक्र वर्षानुवर्षे चालले की पाणी खडकातील सिलिका आणि विद्राव्य क्षार विरघळवून खाली नेते. या क्रियेला निक्षालन म्हणतात. मागे उरतात न विरघळणारी लोह आणि ॲल्युमिनिअमची ऑक्साइडे. लोहाच्या ऑक्साइडमुळे दगड तांबडा दिसतो, आणि जिथे ॲल्युमिनिअमचे प्रमाण जास्त राहते तिथे बॉक्साइट मिळते. याच कारणाने बेळगाव जिल्ह्यात बॉक्साइटचे साठे आहेत आणि बेळगावात ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनिअमच्या ऑक्साइडचा, कारखाना उभा राहिला. पूर्वेकडे पाऊस कमी, निक्षालन कमी. तिथल्या काळ्या जमिनीत बारीक चिकणमाती टिकून राहते, ती पाणी धरून ठेवते, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून ती कापसाला मानवते.

बॉक्साइटवरून पुढचा प्रश्न धातुविज्ञानाचा येतो. ॲल्युमिनिअम इतके क्रियाशील आहे की ते निसर्गात मुक्त स्थितीत सापडत नाही, आणि त्याची ऑक्सिजनशी पकड इतकी घट्ट की भट्टीत कार्बन वापरून ते व्यवहारात मोकळे करता येत नाही. त्यासाठी वितळलेल्या ॲल्युमिनाचे विद्युत अपघटन करावे लागते. शुद्ध ॲल्युमिना २००० अंशांहून अधिक तापमानाला वितळते, म्हणून ते वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये विरघळवतात आणि काम १००० अंशांच्या आसपास भागते. कुल्फीच्या बर्फातल्या मिठाचे जे कारण, तेच इथेही लागू आहे. लोह, जस्त आणि शिसे ही मात्र त्यांच्या ऑक्साइडांपासून कार्बनने क्षपण करून, म्हणजे ऑक्सिजन काढून घेऊन, मिळवता येतात. त्यामुळे ‘पुढीलपैकी कोणता धातू कार्बनने क्षपण करून मिळवत नाहीत’ असे विचारून लोह, जस्त, शिसे व ॲल्युमिनिअम हे पर्याय दिल्यास ॲल्युमिनिअम निवडावे. त्याच यादीत सोडिअम किंवा कॅल्शिअम असले तरी उत्तर त्याच कारणाने द्यावे.